सुभेदारांची इटालियन

महूचे सुभेदार गायकवाड आपल्या म्हशीला इटालियनमध्ये दटावायचे. म्हैस ऐकायची. शेजारीपाजारी त्याला फौजी शिव्या समजत.

मी त्यांच्याकडे गेलो तो गरजेपोटी. इंदूरच्या मिलला कुलूप लागलं होतं. बाबा मल्हारगंजात एका कापड-दुकानात गाठी उचलत होते, आणि मला इटलीतल्या एका वस्त्रविद्येच्या कॉलेजात फी माफ होऊन जागा मिळण्याची आशा होती. अट एकच, इटालियनमध्ये तोंडी परीक्षा. इंदुरात ती भाषा शिकवणारं कोणी नव्हतं. मिलमध्ये बाबांच्या खात्यात काम केलेले एक जण महूचे. ते म्हणाले, "भिया, आमच्या गल्लीत सुभेदारसाहेब आहेत. इटलीत लढलेले. जाऊन तर बघ."

सुभेदारांनी "जयभीम" म्हणून आत बोलावलं आणि आधीच सांगून टाकलं, "ग्रामर-व्रामर मला येत नाही, बेटा. लढाईत कैद झालो, कॅम्पातून पळालो. डोंगरातल्या एका म्हातारीनं गवताच्या माळ्यावर लपवलं, पूरा हिवाळा. ती बोलली तेवढंच येतं."

"गाव कोणतं?"

"तिनं सांगितलंच नाही. पकडला गेलास तर तोंडातून निघेल, म्हणायची."

रोज संध्याकाळी धार काढता काढता ते शिकवत. वही काढलेली खपत नसे. "म्हातारीनं मला वही दिली होती काय? कान उघडे ठेव." बूट काढ, शेगडीपाशी ये, सावकाश खा, खोकू नकोस, कोणी ऐकेल. लपवलेल्या पोराला जे सांगायचं, तेच सारं. मी कुरकुरलो की म्हणायचे, "आधी जेवायला तर शिक. कॉलेज बाद में."

दिल्लीला परीक्षेत समोर एक गृहस्थ आणि एक वयस्क बाई होत्या. पुस्तकातून पाठ केलेला परिचय मी साफ विसरलो. गृहस्थांनी घाईनं बिस्किट तोंडात टाकलं, त्यांना ठसका लागला, आणि मी बोलून गेलो, "सावकाश खा रे पोरा, तुझ्या हातचं कोणी ओढून नेत नाही." ते हसतच सुटले. बाई हसल्या नाहीत. "माझी आजी असं बोलायची," त्या इंग्रजीत म्हणाल्या आणि डोंगरातल्या एका खोऱ्याचं नाव घेतलं. जागा मिळाली, पण अट अशी, की आधी दिल्लीत राहून नीट भाषा शिकायची, आणि ही खोऱ्यातली बोली विसरायची. वर्गात ही कोणाला कळणार नव्हती.

महूला येऊन मी त्या खोऱ्याचं नाव सांगितलं. सुभेदारांनी ते हळूहळू म्हणून पाहिलं. "मतलब, तिथे होतो मी."

विसरण्याचं सांगताना मला शरम वाटत होती. ते म्हणाले, "विसर ना मग. बाप गाठी उचलतोय. भाषा माझ्याकडे आहे, कुठे जाते?"

मी झटून विसरलो.

दुसऱ्या वर्षी सुटीत आलो, तेव्हा ते गेले होते. त्यांची सून म्हणाली, "शेवटी तीच भाषा बोलायचे, भाऊ. काहीतरी मागायचे. पाणी दिलं, गोधडी दिली, मान हलवून नाही म्हणायचे. तुम्ही असता तर समजलं असतं." ऐकून ऐकून ते वाक्य तिला पाठ झालं होतं. तिनं ते म्हणून दाखवलं, अगदी त्यांच्याच हेलात, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. तोवर मी इटालियनमध्ये पहिल्या श्रेणीत पास झालो होतो. मला एक शब्दही कळला नाही.