मार्गारेटची लाल चोळी

आगाशीजवळच्या त्या गावात मार्गारेटचं वजन हा सगळ्यांचा मामला होता. सून होऊन आली तेव्हा काडी होती, मग भरली, मग चांगलीच भरली. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि डावा हात एकटाच फुगून बसला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "ही सूज साफ जाणार नाही. पण वजन उतरवा, दाबाची बाही घाला, व्यायाम करा. हात हलका होईल."

मार्गारेटनं मनाशी पण केला. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवशी लग्नातलीच लाल चोळी घालून चर्चमध्ये मिस्साला जायचं! चोळीची डावी बाही कोपराच्या वर सरकत नव्हती, ही गोष्ट वेगळी. नवऱ्याला, युजीनला, मात्र सुगावा लागू द्यायचा नाही. कारण आजवर तिनं डाएट जाहीर केलं, की संध्याकाळी हा माणूस मैद्याचे गरमागरम फुगे तळून आणायचा.

मग सगळं चोरून सुरू झालं. ताटातली अर्धी भाकरी कुत्र्याला जायची. युजीन वाडीत केळींना पाणी सोडायला गेला, की ही मोबाइलवर लग्नाचा बँड लावून, हातावर दाबाची बाही चढवून, स्वयंपाकघरात धिंगाणा घालायची. महिने गेले. परकर सैल झाले, कुत्रा गुटगुटीत झाला.

आता कॅन्सर होऊन गेलेली बाई वाळायला लागली, की गाव एकच अर्थ काढतं. शेजारची सँड्रा टोपलीभर सुकेळी, उन्हात वाळवलेली गोड केळी, घेऊन आली आणि दारातच रडली. "खा गो बाय! पानी तरी पितेस ना?" मागच्याच आठवड्यात मार्गारेटचे रिपोर्ट चांगले आले होते. तिच्या पोटात हसू मावेना. रविवारी, लग्नाच्या वाढदिवशी, सगळ्यांची कशी जिरवते बघा, असं ती कुत्र्याला सांगत होती.

शनिवारी दुपारी घरात कुणी नाही असं बघून तिनं लाल लुगडं नेसलं आणि श्वास रोखून चोळी चढवली. कोपर आलं. कोपर गेलं! दाबाच्या बाहीवरून चोळीची बाही सुळकन दंडावर चढली. मार्गारेट किंचाळलीच. बँड लावला आणि लागली गरागरा फिरायला.

तेवढ्यात दारात फादर हिलरी उभे. गळ्यात स्टोलाचा लांब पट्टा, हातात आजाऱ्यांना लावायचं पवित्र तेल. मागे मेणबत्ती धरून युजीन.

"आजारी कोण आहे?" फादरनी बिचकत विचारलं.

मार्गारेट हसता हसता खाली बसली. "अहो, मी मरमरून वजन उतरवलं, आणि तुम्ही मला पोचवायलाच निघालात! ते तेल यांनाच लावा, फादर, घाबरून अर्धे झालेत."

फादरही हसायला लागले. युजीन हसला नाही. मेणबत्तीचं मेण त्याच्या बोटांवर ओघळत होतं आणि त्याला भान नव्हतं. "रोज अर्धी भाकरी कुत्र्याला टाकायचीस. मला वाटला, परत आलाय. विचारायची छाती नाय झाली," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

मार्गारेटचं हसू गेलं. तिनं उठून त्याची मेणबत्ती विझवली. ऑपरेशननंतर दुखेल म्हणून त्यानं ज्या हाताला कधी हात लावला नव्हता, तोच हात तिनं पुढे केला. बँड वाजतच होता.

"दुखंल ना?"

"दुखत नाय. जड आहे नुसता," ती म्हणाली. "थोडा वेळ तुम्ही धरा की."