बिनसहीच्या तीन चिठ्ठ्या

माझा डावा डोळा ज्यानं घालवला, त्याला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे शेवटी मी मऊ होईन अशी आशा कोणी धरू नये.

मी चौथीपर्यंत शिकलो. पण बडनेऱ्यात काटे-तराजू दुरुस्त करायचं माझं दुकान आहे आणि भिंतीवर सरकारी परवाना आहे. किलोच्या वजनाच्या बुडात एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं. त्या शिशावर वजनमापे खात्याचा निरीक्षक शिक्का मारतो. शिक्का नसेल तर वजन जप्त. वांगी मोजायचं वजन! आणि माझा डोळा ज्यानं मोजला, त्याच्यावर कोणाचाच शिक्का नव्हता.

अमरावतीत त्याचं चष्म्याचं दुकान. बोर्डावर नावाआधी 'डॉक्टर'. मी बोर्ड वाचला आणि विश्वास ठेवला. जन्मभर लोकांना स्वतःचा परवाना दाखवत आलो आणि दुसऱ्याला त्याचा कागद विचारला नाही, ही चूक माझी. तेवढीच माझी.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सांगितलं, "डाव्या अंगाची चौकट दिसत नाही, खांदा आपटते."

"काका, वय झालं. नंबर वाढला."

त्यानं भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. समोरचं दिसत होतंच, मी वाचली. चष्मा बदलला. पुढल्या वर्षी दिव्याभोवती रंगीत कडं दिसायला लागलं. पुन्हा गेलो, पुन्हा नंबर. तिसऱ्यांदा तर म्हणाला, "तुमी चष्मा नीट पुसत नसान." मला म्हणाला, सोनाराचे काटे पुसण्यात ज्याचा जन्म गेला त्याला!

शेवटी अकोल्याला जठारपेठेत राहणाऱ्या लेकीनं मला ओढत डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्याचा दाब मोजला, आत उजेड टाकून पाहिलं आणि आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली. खुर्ची ओढली तेव्हाच मी समजलो. काचबिंदू. डावा गेला, गेलेलं परत येत नाही. उजवा थेंब घालून सांभाळायचा. "आजोबा, पहिल्याच वर्षी कोणी इकडं पाठवलं असतं तर..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. त्या थांबल्या, मी थांबलो नाही.

दर खेपेला त्यानं नंबर लिहून दिलेल्या, त्याच्या दुकानच्या तीन चिठ्ठ्या माझ्याकडे होत्या. त्या घेऊन अमरावतीत कचेऱ्या फिरलो. एक बाबू म्हणाला, "तो डॉक्टर असता तं डॉक्टरांच्या परिषदेकडं धाडलं असतं तुमाले. तो तं डॉक्टरच नाही."

"मंग बोर्डावर काहून लिहिलं?"

"ते त्याले विचारा."

दुसऱ्या कचेरीतल्या बाबूनं चिठ्ठ्या उलटून पाहिल्या. "सही कुठी आहे? कोणी तपासलं त्याचं नाव नाही, नुसते आकडे. हा काय पुरावा झाला, बाबा?" मग दया आली असावी. डोळे तपासणाऱ्यांसाठी नवा कायदा झाला आहे, राज्याची परिषद त्यांची नोंदणी करणार आहे, मग कोणीही उठून हे काम करू शकणार नाही, असं त्यानं सांगितलं.

"कधी?"

"होऊन राहिलं."

होईल तोवर मी चष्म्याच्या दुकानासमोर चहाच्या टपरीवर बसायला लागलो. रोज सकाळी बडनेऱ्याहून ऑटोनं जायचं आणि त्याच्या पायरीवरून जो उतरेल त्याला एकच गोष्ट विचारायची, डोळ्याचा दाब पाहिला का?

चांदूर रेल्वेची एक बाई म्हणाली, "दाब तं बीपीचा राह्यते ना, बाबा?"

"डोळ्याचाबी राह्यते, माय. पाह्यला का त्यानं?"

"नाही बा."

"मंग सरकारी दवाखान्यात जाय. चष्मा राहू दे पिशवीत."

ती गेली. अजून बरेच गेले. काही मला येडा म्हणाले. चहावाला म्हणायचा, "बाबा, त्याच्यापेक्षा तुमचीच ओपीडी जोरात हाय."

एक दिवस तो रस्ता ओलांडून आला. "काका, काहून पोटावर पाय देता? नवा चष्मा फुकट बनवून देतो."

"डोळा बनवून दे."

"चुकून झालं."

"चुकून एकदा होते. तू तीनदा केलं."

तो मान खाली घालून परत गेला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

काही महिन्यांनी बोर्डावरच्या 'डॉक्टर'वर रंग फिरला आणि डोळे तपासायला दुकानात पदवीवाली एक पोरगी बसू लागली. तो कायद्याला भ्याला की मला, ते तोच जाणे. मी दुसऱ्याच दिवशी आत शिरलो आणि तपासायच्या खुर्चीवर बसलो. तो गल्ल्यावर होता.

"पोरी, आधी तुझा कागद दाखव."

तिला राग आला नाही. चार वर्षांच्या शिक्षणाची पदवी दाखवली, नोंदणीसाठी अर्ज केल्याची पावती दाखवली.

"पावती म्हणजे शिक्का नव्हे."

"नाही, आजोबा. पण चिठ्ठीवर सही माझी राहील."

तिनं उजवा तपासला, त्याचा दाबही पाहिला. डाव्यावर बॅटरी धरली, दोनदा हलवून पाहिली. मी तीन चिठ्ठ्या तिच्यापुढं ठेवल्या. "यात कुठी दाब लिहिला हाय का?"

"नाही."

"तसं लिही."

गल्ल्यावरून तो म्हणाला, "मॅडम, जुनं कशाले उकरता?"

"तेव्हा इथं काय झालं ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "समोर दिसतं तेवढंच लिहीन."

मला माझा पहिला निरीक्षक आठवला. शिक्का मारून होईपर्यंत तो माझा चहासुद्धा घेत नसे.

तिनं दुकानाच्याच पॅडवर लिहिलं. डाव्या डोळ्याला उजेडही कळत नाही. याच दुकानाच्या तीन जुन्या चिठ्ठ्या पाहिल्या, त्यांत दाबाची किंवा डॉक्टरकडे पाठवल्याची नोंद नाही. खाली पूर्ण नाव, सही, तारीख.

तो उठून आला. त्याचं तोंड मी एका डोळ्यानं पोटभर पाहिलं.

"काका, बोर्ड बदलला, मॅडम ठेवल्या. आता तं झालं ना?"

"झालं कुठी? माझा डोळा तसाच हाय."

चारही कागद एका टाचणीत अडकवून मी त्याच कचेरीत, सही मागणाऱ्या बाबूच्या टेबलावर ठेवले. "घ्या सही." त्यानं चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं. या वेळी कागद परत केले नाहीत, ठेवून घेतले आणि पोच दिली. ती पोच आता दुकानात माझ्या परवान्याशेजारी लावली आहे.

दर सोमवारी मी कचेरीत जाऊन विचारतो, कुठवर आलं. उजवा डोळा आहे तोवर एकटा जाईन. तोही गेला तर लेकीचा हात धरून जाईन.