आखणी चालू हाय

पेणच्या शाळेत मी आठवीच्या वर्गावर बदली म्हणून गेले, तेव्हा त्या वर्गाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. स्टाफरूममध्ये मला त्यांचीच खुर्ची मिळाली. पाठीला त्यांची उशी होती, ती काढायचा धीर मला कधी झाला नाही. डबा खाताना सगळ्या चौकशा त्यांच्या बाळाच्या. मी राहायचे रोह्याला, तिथे खोलीवर बोलायला कुणी नव्हतं. दिवसभरात माझं जे काही बोलणं व्हायचं ते त्या वर्गाशी, आणि वर्ग माझं ऐकत नव्हता.

डस्टर आपटून झालं, पोरांना उभं करून झालं, मुख्याध्यापकांची भीती घालून झाली. पोरं जराही बधली नाहीत. "आमच्या बाई कदी येनार?" एवढंच विचारायची. बदलीच्या बाईला किती मोजायचं, हे पोरांना बरोब्बर कळतं.

गणपती जवळ आले. निम्म्या पोरांच्या घरी मूर्तींचे कारखाने, नखांत सोनेरी रंग घेऊनच यायची. एका दुपारी ओरडून माझा घसा बसला. वैतागून मी फळ्याकडे वळले आणि नकाशा काढायला लागले. पहिल्या बाकावरची मुलगी मागे वळून हळूच म्हणाली, "गप बसा रं, आखणी चालू हाय."

वर्ग चिडीचूप. कारखान्यात कुणी मूर्तीचे डोळे आखायला बसलं की बाकीचे बोलत नाहीत. ब्रश हलला तर देवाची नजर तिरपी होते, असं तिनं मला सांगितलं.

मग मीही तेच म्हणायला लागले. एकदा हजेरी घेताना म्हणून पाहिलं, तर सगळे हसले. "हजेरीला नाय चालत, बाई. हात चालू पायजे." म्हणून मी रोज काहीतरी काढायचे. नदी, भिंग, बेडकाचं हृदय. परतीच्या गाडीत कासू स्टेशन मागे पडलं तरी उद्या काय काढायचं याच विचारात असायचे. फार सुखात होते मी.

दिवाळीनंतर बाई आल्या. मी निरोप घ्यायला वर्गाच्या दाराशी गेले. पोरांनी त्यांना गराडा घातला होता, कुणी जागेवर बसेना. तीच मुलगी म्हणाली, "बाई, खडू घ्या नि आखणी चालू हाय म्हणा."

बाईंनी म्हटलं. वर्ग गप्प झाला.

"अगं, हे कुणी शिकवलं?"

"आमचंच हाय, कारखान्यातलं."

ती खरं तेच बोलली होती. तरी मला ते फार लागलं. बाई फळ्याकडे वळून रेघ ओढत होत्या. आखणी चालू होती, म्हणून मला "येते" एवढंसुद्धा म्हणता आलं नाही.