कोण कोणाला टेकलंय

नऊ वर्षं एकाच विषयाला चिकटून राहिलं की पदवी मिळो न मिळो, किस्से मात्र ढीगभर जमतात. परवा स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं, "मॅडम, आता सुटलात ना? मग सांगा की!" सुटले, हे शंभर टक्के खरं. म्हणून तर सांगायला तोंड उघडतेय. मागच्या वर्षी विचारलं असतंत तर डस्टर फेकून मारलं असतं.

मी तलासरीच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि राहते आशागडला. पीएचडीत मदतीला दोघं होते. हितेशभाई कॉम्प्युटर शिकवतात. घरची चिकूची वाडी आहे आणि बोलणं निम्मं मराठी, निम्मं गुजराती. दुसरी वैशाली, बॉटनीची, मूळची सायवनची. ती कमी बोलते, पण बोलली की ऐकावं लागतं. गाइड सर मुंबईचे. आणि घरी सासूबाई, ज्यांचा सायन्सशी काडीचा संबंध नाही असा माझा समज होता.

आता काम काय होतं ते सांगते. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. ही माळ गुंडाळली जाते. साडी घाईघाईत पिशवीत कोंबली की पदर कुठेतरी निऱ्यांना जाऊन टेकतो ना, तसे माळेतले लांबलांबचे मणी एकमेकांना टेकतात. कोण कोणाला टेकलंय हे कॉम्प्युटरवर अंतर मोजून शोधायचं. माझं म्हणणं एवढंच होतं, की आमच्या प्रोटीनमधला एक्केचाळीस नंबरचा मणी एकशे सदुसष्टला टेकलाय, आणि म्हणूनच ते प्रोटीन उष्णतेत टिकतं. सगळा थिसीस या दोघांच्या जिवावर उभा. ते टेकलेले असले तर मी डॉक्टर, नाहीतर नऊ वर्षं पाण्यात!

* * *

पहिल्याच वर्षी सासूबाईंनी विचारलं, "अगं, दिवसभर त्या कॉम्प्युटरमध्ये बघतेस तरी काय?"

म्हटलं, "कोण कोणाला टेकलंय ते बघते, आई."

त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यासाठी तलासरीला कशाला जायला हवं? आपल्या ओट्यावर बस. चार वाजेपर्यंत सगळ्या गल्लीचं कळतं!"

तेव्हापासून दर रविवारी जेवताना एकच प्रश्न. "टेकले का गं ते दोघं?" आणि माझं एकच उत्तर, "मोजतेय, आई."

* * *

हितेशभाईंनी प्रोग्रॅम लिहिला आणि पहिल्याच दिवशी शेकड्यांनी जोड्या सापडल्या. एकला दोन टेकलाय, दोनला तीन टेकलाय, तीनला चार! आम्ही हरखून गेलो. हितेशभाईंनी सगळ्या स्टाफला वडापाव खिलवले. मी सरांना फोन लावून यादी वाचायला घेतली.

सरांनी सातव्या जोडीपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, माळेतले शेजारचे मणी एकमेकांना टेकणारच. ते बांधलेलेच आहेत. नवरा-बायको एका घरात राहतात, हा शोध लावलात होय?"

शेजारी वगळून पुन्हा मोजलं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जोड्या उरल्या. "वडापाव तर गेले," हितेशभाई हळूच म्हणाले. "जाऊ द्या, माझी जोडी आहे ना यादीत!" मी म्हटलं.

* * *

एकदा यादीत शहाण्णव नंबरचा मणी शहाण्णवलाच टेकलेला दिसला. स्वतःच स्वतःला!

"बेन, हा तर स्वतःशीच शेकहँड करतोय," हितेशभाई म्हणाले.

आठवडाभर आम्ही प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो. चूक कुठेच नव्हती. शेवटी कळलं की तो मणी जागेवर थोडा हलतो, म्हणून फाइलमध्ये त्याच्या दोन्ही जागा लिहून ठेवल्यात, आणि आमचा प्रोग्रॅम त्या दोन जागांमधलं अंतर मोजत होता.

वैशालीने फाइल बघितली आणि म्हणाली, "आमच्या शाळेच्या ग्रुप फोटोत एक जण असाच आहे. फोटो निघेपर्यंत ह्या टोकाकडून त्या टोकाला पळाला."

* * *

सर मुंबईहून गाडीने यायचे आणि आम्ही चारोटीला हायवेवरच्या एका हॉटेलात भेटायचो. एकदा टेबलावर माझा नकाशा पसरला होता. चौकोनी कागद, प्रत्येक टेकलेल्या जोडीसाठी एक काळा ठिपका. हॉटेलच्या मालकीणबाई चहा घेऊन आल्या आणि थबकल्याच.

"भरतकामाचं डिझाइन का हो ताई? बॉर्डर छान आहे. पण मधे एवढं मोकळं का सोडलंय? दोरा संपला काय?"

मी हसले. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावला, कागद जवळ घेतला आणि म्हणाले, "मॅडम, खरंच, मधे मोकळं का आहे?"

प्रोग्रॅम अर्ध्यात बंद पडला होता आणि आम्हा तिघांनाही पत्ता नव्हता! सरांनी त्या दिवशी मालकीणबाईंना वाकून नमस्कार केला. बाईंना वाटलं, चहा फारच आवडला.

* * *

आता जरा रडवणारा किस्सा.

रजिस्ट्रेशनची शेवटची मुदतवाढ चालू होती. थिसीस जमा करायला तीन आठवडे उरले होते. आणि दुसऱ्या एका लॅबने आमच्याच प्रोटीनची नवी, जास्त स्पष्ट रचना जाहीर केली. सर म्हणाले, "त्यातही तुमची जोडी दाखवा, मग कोणाची बिशाद नाही."

भर दुपारी फाइल उघडली. एक्केचाळीसवर माझा मणी नव्हताच! तिथे भलताच कोणीतरी बसलेला. एकशे सदुसष्ट तर पार दुसऱ्या टोकाला. अंतर मोजलं, मग पुन्हा मोजलं, मग हितेशभाईंनी मोजलं. टेकण्याचा प्रश्नच नव्हता.

मला रडू कोसळलं. सेहेचाळीस वर्षांची बाई, लॅबमध्ये, हमसून हमसून! हितेशभाई एकदा पंख्याचा वेग वाढवत होते, एकदा कमी करत होते. "पाणी प्या ना बेन, पाणी प्या," एवढंच त्यांना सुचत होतं.

वैशाली डबा खायला आली. तिने स्क्रीन बघितली, माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची ओढून बसली.

"मॅडम, आमच्या पाड्यावर प्रत्येक दाराला तीन नंबर आहेत. एक ग्रामपंचायतीचा, एक जनगणनेवाल्यांचा, एक फवारणीवाल्यांचा. पोस्टमन नवा आला की सगळी पत्रं चुकीच्या घरी. घरं कुठे जात नाहीत, मॅडम. ह्यांनी मोजायला कुठून सुरुवात केली ते बघा."

बघितलं. पेशी स्वतःच त्या माळेचे पहिले चोवीस मणी छाटून टाकते. आम्ही ते धरून मोजत होतो आणि त्या लॅबने ते सोडून मोजलं होतं. म्हणजे माझा एक्केचाळीस त्यांच्याकडे सतरा, आणि एकशे सदुसष्ट म्हणजे एकशे त्रेचाळीस.

लगेच सतरा आणि एकशे त्रेचाळीसमधलं अंतर मोजायला घेतलं. आकडा आला आणि हितेशभाई ओरडले, "टेकला! बेन, टेकला!" बाजूच्या वर्गातली मुलं धावत आली.

मी वैशालीला मिठी मारली. मग तिच्या डब्यातली भाकरी आणि सुकट मीच सगळी खाल्ली. आजवर इतकं गोड काही खाल्लेलं नाही.

* * *

शेवटी व्हायवा. ती खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. सासूबाई इरकल नेसून पहिल्या रांगेत. त्यांच्या बाजूला वैशाली, मागे हितेशभाई.

बाहेरून आलेले परीक्षक मोठे गृहस्थ, कडक इस्त्रीचे. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी स्वतःचा लॅपटॉप उघडला, बराच वेळ काहीतरी टाइप केलं आणि म्हणाले, "मॅडम, नवी रचना माझ्यासमोर आहे. यात एक्केचाळीस आणि एकशे सदुसष्ट कुठेच जवळ नाहीत. तुमचा थिसीस मग उभा कशावर आहे?"

सरांनी खाली बघितलं. सासूबाईंना बाकी काही कळलं नसेल, पण 'जवळ नाहीत' एवढं बरोबर कळलं. त्यांनी वैशालीचं मनगट घट्ट धरलं.

आणि खरं सांगू? मला इतकं हलकं वाटलं! एवढा मोठा माणूस, आणि चूक अगदी मी केली होती तीच!

म्हटलं, "सर, सतरा आणि एकशे त्रेचाळीस बघता का? त्यांनी पहिले चोवीस सोडून मोजलंय."

त्यांनी टाइप केलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुन्हा टाइप केलं. मग लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "माझे प्रश्न संपले."

परीक्षक आणि सर सह्या करायला आत गेले. आम्ही बाहेर उभे. अर्ध्या तासाने दार उघडलं आणि परीक्षक काही जाहीर करायच्या आत सासूबाई त्यांना आडव्या गेल्या.

"साहेब, ते इंग्रजी राहू द्या. ते दोघं टेकलेत की नाही, तेवढं सांगा. नऊ वर्षं झाली, हिला धड जेवण नाही की झोप नाही."

परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. आणि त्या कडक इस्त्रीच्या माणसाने हात जोडले. "टेकलेत, आजी. मी स्वतः मोजलंय. दोनदा."

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले आणि माझ्याकडे वळल्या.

"ऐकलंस ना? साहेबांनी मोजलंय. आता तू नको मोजूस."