मामाजींनी दिलेली गोळी

वर्ध्याच्या दवाखान्यात रक्त तपासायला रांगेत उभा होतो, तेवढ्यात नाचणगावहून मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, बाबा गेले..." दुकान उघडायला म्हणून उठू लागले आणि बसल्या जागीच गेले. वर केलेली बाही खाली घ्यायचंही मला सुचलं नाही. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. या मामाजींनी एकदा मला जवळजवळ मारूनच टाकलं होतं, आणि तेही निव्वळ प्रेमापोटी.

मला मोठ्या आतड्याचं दुखणं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. त्यासाठी अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू होतं. सासरी मात्र मी 'पोट जरा नाजूक आहे' एवढ्यावर भागवलेलं; जावयानं सासुरवाडीत संडासाच्या गोष्टी काय सांगायच्या! मामाजींचं किराणा दुकान, पण गल्ल्याशेजारी गोळ्यांचा डबा. कुणी नुसतं शिंकलं की यांचा हात डब्यात. एका दिवाळीत माझ्या पायाचा अंगठा सुजला. त्यांनाही युरिक अ‍ॅसिडचा तोच त्रास, मग काय, त्यांच्या गोळ्यांची अख्खी पट्टी माझ्या हातावर. "घ्या जवाईबापू, मले तं लय आराम पडला." सासऱ्यांना नाही कसं म्हणायचं? पट्टी संपली की ते दुसरी पाठवायचे. अंगठा बरा झाला... पण काही आठवड्यांत तोंड आलं, ताप चढला, आणि पांढऱ्या पेशी इतक्या घसरल्या की मला वेगळ्या खोलीत ठेवावं लागलं.

डॉक्टरांनी सांगितलं, ही गोळी अझाथायोप्रिन शरीरातून जायची वाट अडवते. मग ते साचत जातं आणि रक्त तयार होणंच मंदावतं. मामाजींना आत यायची मनाई होती. ते रोज एसटीनं यायचे आणि काचेबाहेरून हात जोडायचे. ते मला बघवत नसे. मी भिंतीकडे तोंड करायचो. मी बरा होऊन घरी आलो, तोवर त्यांनी डबा उकिरड्यावर फेकला होता आणि स्वतःची गोळीही बंद केली होती. पाय ओढत दुकानात फिरायचे. सासूबाई सांगून थकल्या. "माह्या हातानं जवाई मारून राह्यलो होतो मी. मले कायले पाह्यजे आराम?"

पुढे अझाथायोप्रिन माझ्या लिव्हरला सोसेना. तेव्हा डॉक्टरांनी तीच युरिक अ‍ॅसिडची गोळी लिहून दिली! या वेळी मुद्दाम, अझाथायोप्रिन पाव डोसावर आणून आणि वरचेवर रक्त तपासत; म्हणजे थोडक्या औषधात काम भागेल आणि लिव्हरही सांभाळलं जाईल. सोबत आलेले मामाजी ताडकन उठले. "डॉक्टरसाहेब, हे नाई चालत. एकडाव मरता मरता वाचले ते!" डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, तरी त्यांची मान हलेना. मग मीच म्हटलं, "मामाजी, मी घेतो, पण तुम्हीही तुमची सुरू करायची."

"काऊन छळता म्हाताऱ्याले?" म्हणाले, आणि तिथंच रडले.

तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा फोन. "काढली का गोळी? पानी घेतलं? मंग घ्या, मी बी घेतो." दोघंही फोन कानाला लावून गोळी गिळायचो. बायको हसायची... कित्येक वर्षं हे असंच चाललं.

तेरवी आटोपून घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी काढली, ग्लास भरला, आणि नुसता बसून राहिलो. बायको समोर येऊन बसली. मग ग्लास माझ्याकडे सरकवत म्हणाली, "घ्या न आता. बाबा तिकडं खोळंबले असतीन."

घेतली.