झोपलेल्या कोअरची चौकशी

प्रयोगशाळेत तिला सगळे मुकादमबाई म्हणत, आणि त्यात थट्टेइतकाच आदरही होता. आठ कोअरच्या, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आठ भागांच्या, प्रोसेसरमध्ये कोणते काम कोणत्या कोअरकडे द्यायचे, कोणाचा वेग वाढवायचा, कोणाला झोपवून वीज वाचवायची, हे चालत्या कामात क्षणोक्षणी ठरवणारा प्रोग्राम तिने तीन वर्षे खपून लिहिला होता. आज पाच वाजता त्याची अखेरची चाचणी होती. चिप ऐंशी अंशांच्या वर तापली तर प्रोग्राम बाद, आणि त्याच्या जागी कामांची कायमची ठरीव वाटणी, असे प्रमुखांनी सकाळीच सुनावले होते.

साडेतीनला आकडा सत्त्याऐंशीवर होता.

"पाच कोअर रिकामे, तरी भट्टी पेटलेली," चाचणी घेणारे काका म्हणाले. "तुमचे मजूर बसल्याबसल्या घाम गाळतात की हो!"

"जखमेवर मीठ चोळू नका, काका."

तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. गॅस बंद असल्याचे तीनदा पाहून घर सोडणारी ती बाई. तिने मोजणीच वाढवली. प्रत्येक कोअरची खबर सेकंदाला शंभर वेळा घेतली जात होती, ती हजार वेळा घेतली जाऊ लागली. आकडा एकोणनव्वदवर गेला.

मग तिने घरी फोन लावला. आई सकाळपासून तापाने पडून होती.

"आई, ताप किती आहे?"

"पुन्हा तू? आत्ता कुठे डोळा लागत होता गं."

"म्हणजे झोपली होतीस?"

"तू झोपू दिलंस तर! झोपलीस का, हे विचारायला दर अर्ध्या तासाने उठवतेस. उठायचं, थर्मामीटर लावायचा, तुला आकडा सांगायचा. ताप परवडला, पण तुझी काळजी नको!"

ती हसली नाही. फोन कानाशी तसाच धरून पडद्याकडे पाहत राहिली. स्वतःची खबर सांगायची, तर कोअरला आधी जागे व्हावे लागते. तिची मोजणीच झोपलेल्यांना सेकंदाला हजार वेळा उठवत होती, आणि त्या जागरणानेच चिप तापत होती.

"ठेवते गं, झोप तू."

चार ओळी बदलायच्या होत्या. झोपलेल्या कोअरला काहीही विचारायचे नाही. काम आले की त्याला उठवायचे, तोवर त्याची शेवटची नोंद खरी धरायची. न पाहता विश्वास ठेवायचा, हे लिहिताना तिची बोटे दोनदा अडखळली.

साडेचारला आकडा त्र्याऐंशी, मग एकोणऐंशी. पाचच्या चाचणीत तो शहात्तरवर स्थिरावला.

"नोंदवू का?" काकांनी विचारले.

"थांबा, पुन्हा एकदा बघा ना."

"बाई, तुमचा स्वभाव चिपमधून काढलात, तो आता माझ्यामागे लावू नका!"

प्रमुखांनी सही केली. प्रोग्राम राहिला.

जिना उतरताना तिने फोन काढला, आईचा नंबर शोधला आणि तसाच परत पर्समध्ये टाकला. फाटकाशी पोहोचेपर्यंत तो आणखी दोनदा बाहेर आला. लावला मात्र नाही.