चालू मशीनमधले चौथे बोर्ड

१४ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी चादरी धुतल्या. अकरा वाजता रुग्णवाहिका केंद्रातले मशीन बंद पडले, चाळीस मिनिटांनी चालू झाले. भावोजी सहाला आले, बूट न काढता खुर्चीत बसले. एक माणूस गेला.

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांनी लग्न केले नाही. माझे यजमान गेल्यापासून, सात वर्षे, या घरात आम्ही दोघेच. केंद्रात आलेला फोन कोणत्या गाडीकडे जायचा हे ज्या मशीनवर ठरते, त्याची देखभाल त्यांच्याकडे. अकरा वर्षांत ते एकदाही बंद झाले नव्हते. मी म्हणायचे, "भावोजी, त्या मशीनशीच तुमचं लग्न लावून द्यायला हवं होतं." ते म्हणायचे, "ते सांगितलेलं ऐकतं, वहिनी. बायकोची कोणी खात्री द्यावी?"

चालू मशीनमध्ये मेमरी घालावी आणि चालू मशीनमधूनच ती काढावी, तर त्यांनीच. ऑक्टोबरात मेमरीचे चौथे बोर्ड चुका करू लागले. आधी दिवसाला दोन-चार, मग वीस-पंचवीस. मशीन त्या सुधारून घेत होते, पण एखादी सुधारता न येणारी निघाली की संपले. बोर्ड काढायला हवे होते. त्यांनी ते सोडण्याचा हुकूम दिला, मशीनने नकार दिला. आठवडाभर रोज तेच. मग एका रविवारी माझ्याबरोबर भाजी निवडता निवडता त्यांनी सांगितले.

"मेमरी काढायची तर आधी तिच्यातलं सगळं दुसऱ्या बोर्डावर न्यावं लागतं. बाकीचे प्रोग्राम मुकाट्यानं हलतात. पण मशीनचा गाभा, कर्नेल, त्यानं जिथे स्वतःचं बस्तान मांडलं तिथून तो उठत नाही. म्हणून बोर्ड घालतानाच बजावायचं असतं, इथे फक्त हलवता येईल तेवढंच ठेव."

"मग बजावलं नाहीत?"

"एक ओळ लिहायची होती. राहिली."

"कधी?"

"दादा दवाखान्यात होता तेव्हा. बघा तुमच्या वहीत."

मी रोज दोन ओळी लिहिते त्या वहीत होते. भावोजी दुपारी तीनला केंद्रातून थेट दवाखान्यात आले, नवे बोर्ड घातले म्हणाले, मला आंघोळीला घरी पाठवले. मला सुटका मिळावी म्हणून ते घाईत निघाले होते.

"आता काय करायचं?" मी विचारले.

"मशीन तासभर बंद ठेवायचं. आधी कळवलं तर शेजारचं केंद्र तेवढा वेळ फोन घेतं. पण साहेब विचारणारच, चालू असताना का निघत नाही? मग सांगावं लागेल."

"निवृत्तीला सात महिने राहिलेत," मी म्हणाले. "इतकी वर्षं टिकलं ते एवढ्यात कशाला जातंय? गप्प राहा."

ते गप्प राहिले. रोज हुकूम देत, रोज नकार घेत. घरी आले की आकडा सांगत. साठ. नव्वद. एकशे चाळीस.

त्या गुरुवारी सुधारता न येणारी चूक निघाली. कोणालाच कळवलेले नव्हते, म्हणून शेजारच्या केंद्राला पत्ताही नव्हता. एका बाईंचे यजमान जिन्यात कोसळले होते. बाईंनी अकरा वेळा फोन केला. मेलेल्या मशीनमधून बोर्ड काढायला हुकूमही लागला नाही. "हातात आलं, वहिनी," एवढेच भावोजी मला म्हणाले.

पुढच्या शनिवारी त्यांनी सगळे खरे खरे दोन कागदांवर लिहून साहेबांना दिले. साहेबांनी उभ्याउभ्याच वाचले.

"बोर्ड जुनं होतं, गेलं. असं लिहून आणा."

"साहेब, मी बंद ठेवायची परवानगी मागितली असती तर ते वेळेत निघालं असतं."

"अहो, यानं तो माणूस परत येणार आहे का? तुम्ही सहा महिन्यांनी मोकळे. इथे आम्हाला राहायचंय."

कागद परत घेऊन ते घरी आले. "साधा मेमोसुद्धा नाही," म्हणाले.

"गप्प राहायला मी सांगितलं होतं. ते यात का लिहिलं नाहीत?"

"ते तुमचं काम नव्हतं. माझं होतं."

त्या बाईंचा पत्ता मी केंद्रातल्या एकीकडून मिळवला. दोनदा त्यांच्या जिन्यापर्यंत गेले. वर जाऊन काय सांगणार होते?

आता तिथे नवे बोर्ड आहे, ती ओळ लिहून घातलेले. भावोजी रोज वेळेवर जातात आणि रोज एकदा ते बोर्ड सोडवून पुन्हा जोडतात. गरज काहीच नाही. संध्याकाळी ताटावर बसतात, दोन घास खातात, दुधाला हात लावत नाहीत.

"आजही पहिल्याच हुकुमाला सुटलं," आज म्हणाले आणि ताट तसेच ठेवून उठले.

मी भांडी आवरली, वही काढली. तारीख घातली. खाली लिहिले : दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटर पुरे असे सांगितले.